सातव्या चित्रातले डोळे

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. शेवटी निशाताईच म्हणाली, "लिही. पण वाढवून लिहू नकोस."

म्हणून आधीच सांगते. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. उलट काही गोष्टी गाळल्यात. त्या लिहायला हात धजला नाही.

हे घडलं गेल्या उन्हाळ्यात. पुण्यात, कोथरूडला. एका गुरुवारी, दुपारी.

हो, दुपारीच.

रात्रीची गोष्ट असती तर बरं झालं असतं. रात्री माणूस निदान दिवा तरी लावतो. भर दुपारी, लख्ख उजेडात, काय लावणार?

निशाताई माझी मावसबहीण. चित्रकलेची पदवी घेतलेली, पण तिची खरी ओळख निराळी. गणपतीच्या आधी तिला कारखान्यांतून बोलावणी येतात. ती मूर्ती घडवत नाही, रंगवत नाही. ती फक्त डोळे आखते. सगळी मूर्ती पुरी झाली, दागिने झाले, शेला झाला, की सर्वांत शेवटी डोळे. तोवर ती नुसती माती. डोळे झाले की मग तिच्यासमोर कुणी चप्पल घालून उभं राहत नाही.

ही सवय तिच्या हातात इतकी मुरलीये की कागदावर मांजर काढली तरी डोळे शेवटी.

विजयमालाबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका कारखान्यात. मूर्ती ठरवायला आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, सुती साडी, पांढरा अंबाडा. बराच वेळ निशाताईचा हात बघत उभ्या राहिल्या. मग त्यांची नजर बाजूला टांगलेल्या साडीच्या झोळीकडे गेली. झोळीत मुक्ताई झोपली होती. निशाताईची लेक, तेव्हा दोनेक वर्षांची.

"का हो, पोरीला घरी सांभाळायला कुणी नाही का?"

"आहे ना, काकू," निशाताई ब्रश न उचलता म्हणाली. "पण ती म्हणजे मीच."

बाई हसल्या नाहीत. झोळीजवळ गेल्या. पोरीचा पाय बाहेर आला होता, तो हलकेच आत सारला.

"ही उठली तर तुमचा हात हलतो का?"

"ही कूस बदलणार असेल ना, तर ते मला आधी कळतं. मग हिला कळतं."

यावर बाईंनी नुसती मान हलवली. जाताना फोन नंबर घेऊन गेल्या.

फोन आला तो उन्हाळा लागता लागता.

विजयमालाबाईंचे यजमान, बापूराव सर, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं. निळ्या पुठ्ठ्याचं, पातळसं. बाईंना त्या पुस्तकावर तैलचित्रांची मालिका हवी होती. सात प्रकरणं, सात चित्रं. काम त्यांच्याच बंगल्यात, सरांच्या अभ्यासिकेत करायचं. तिथे उत्तरेचा उजेड आहे.

"आणि मुलीला आणायचं," बाई फोनवर म्हणाल्या. "तिला ठेवून येणार असाल तर नको."

निशाताईला भरून आलं. लेकरासकट कामाला बोलावणारं माणूस पुण्यात कुठे भेटतं?

पुस्तक मात्र तिला काही केल्या कळेना. रात्री जेवताना रणजितनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"काय लिहिलंय माहितीये? जे कुणीही पाहिलं नाही, ते घडलंच नाही. कृत्य पुरं व्हायला साक्षी लागतो." त्यानं पुस्तक मिटलं. "मस्त. म्हणजे काल फ्रीजमधलं श्रीखंड संपलं, ते मी खाल्लंच नाही."

"मी पाहिलं होतं," निशाताई म्हणाली.

"मग गेलो मी."

दोघं पोट धरून हसले. मुक्ताईला काही कळलं नाही, तरी तीही हसली. निशाताई अजून तो प्रसंग सांगते. म्हणते, आमच्या घरातलं शेवटचं मोकळं हसू ते.

बंगला पौड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत. बैठा, नीटनेटका. दारात नावाची पाटी आणि पाटीखाली "बेल एकदाच वाजवावी" अशी सूचना. अभ्यासिका मागच्या बाजूला. पुस्तकांची कपाटं, खिडकीशी सरांचं मोठं टेबल, आणि दार उघडतं ते घरातल्या बोळात. बोळाच्या तोंडाशी, उंबऱ्यालगत, मुक्ताईची गोधडी पडायची. म्हणजे रंगांचा वास पोरीला लागत नाही, आणि पोरगी नजरेसमोर राहते.

बाई पोरीचं फार करायच्या. मऊ भात, वर तूप. आपल्या हातानं भरवायच्या. आणि जेवणं आटोपली की स्वतःच्या खोलीत जायच्या. दार लोटून घ्यायच्या.

एकदा ते दार उघडं राहिलं होतं...

बाई पलंगावर बसलेल्या होत्या. आडव्या झाल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड, अभ्यासिकेकडे पाठ. कानांत कापसाचे बोळे.

"काकू, बरं वाटत नाहीये का?" निशाताईनं दारातून विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं, पण त्या वळल्या नाहीत.

पहिलं चित्र चांगलं झालं. एक टेबल, खिडकीतून येणारा उजेड, टेबलावर एक काळा आकार. निशाताईच्या मनात तो आकार म्हणजे माणसाचं मन वगैरे होतं. दुसऱ्या चित्रात अर्धवट उघडं दार. तिसऱ्यात एक हात, नुसता, वर गेलेला. चौथ्यात जमिनीवरून सरपटत गेलेली एक काळी रेघ.

तैलरंग लवकर वाळत नाही. चित्रं आठवडेच्या आठवडे ओली राहतात. म्हणून निशाताई पूर्ण झालेले कॅनव्हास कपाटांना टेकवून, ओळीनं उभे करायची.

एके दिवशी ती हात पुसत मागे सरकली. आणि चारही चित्रांवर एकदम नजर गेली...

ती चार वेगळी चित्रं नव्हती.

ती एकच खोली होती. हीच खोली. तेच टेबल, तीच खिडकी, तेच दार. पहिल्या चित्रात टेबलावरचा काळा आकार, आता लांबून बघताना, स्वच्छ दिसत होता. बत्ता. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता.

चौथ्या चित्रात टेबल होतंच. कोपऱ्यात, धूसर. त्यावर बत्ता नव्हता.

आणि ती सरपटत गेलेली काळी रेघ म्हणजे वेणी होती. टोकाला तांबडी रिबीन.

निशाताईनं तांबडा रंग त्या चित्रात वापरलाच नव्हता.

तिनं घरी काही सांगितलं नाही. रणजित चाकणच्या कारखान्यात, शिफ्टवरून येतो तो अर्धा झोपेतच. काय सांगणार? माझी चित्रं माझं ऐकत नाहीत? चित्रकार माणसं हे एरवी कौतुकानं सांगतात.

पण त्यानंतर आवाज सुरू झाला.

धप्प...

दुपारचं सगळं पुणं झोपलेलं असताना.

धप्प... धप्प...

पहिल्यांदा तिला वाटलं, स्वयंपाकघरात कुणीतरी शेंगदाण्याचं कूट करतंय. तसाच आवाज. दमानं, तालात, जड. संध्याकाळी चहा घेताना तिनं सहज विचारलं, "काकू, कूट हातानं करता अजून?"

बाईंनी बशी खाली ठेवली.

"आमच्याकडे खलबत्ता नाही," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. मिक्सर आहे."

दुसऱ्या दिवशी निशाताईनं नीट कान दिला. कुटण्याचा आवाज कोरडा असतो. हा पहिल्यांदा कोरडा होता.

मग ओला व्हायला लागला.

आणि दोन घावांच्या मधल्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं. तोंडानं. फुग्यातून हवा जावी तसा.

ती पळून का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. ती म्हणाली, "खोलीत काही दिसतच नव्हतं गं. रिकाम्या खोलीतून पळून जायचं म्हणजे स्वतःला वेडं म्हणवून घ्यायचं."

पण एक गोष्ट तिनं पाहिली होती.

आवाज सुरू झाला की झोपेतली मुक्ताई मान वळवायची.

डोळे मिटलेले. अंगठा तोंडात. पण चेहरा हळूहळू वळायचा, टेबलाच्या दिशेला. सूर्यफूल वळतं तसा. निशाताई उठून पोरीला दुसऱ्या कुशीवर करायची. ती पुन्हा वळायची. आणि रोज तिच्या पापण्या थोड्या जास्त थरथरायच्या. उघडायला आल्यासारख्या.

निशाताईला एवढं कळलं, की इथे जे काही आहे ते माझ्या लेकराला काहीतरी दाखवायला बघतंय. आणि तिनं ठरवलं, सहा झालीत, आता सातवं चित्र पुरं करायचं, रंग धुवायचे, की या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

सातवं प्रकरण साक्षीचं होतं. तिनं चित्र मांडलं ते असं. खोलीच्या दारात उभी एक बाई. आत बघणारी.

"काकू, तुम्ही बसाल का माझ्यासमोर? चेहऱ्यासाठी?"

"मी?" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की मुक्ताई दचकली. मग आवाज खाली आला. "या वयात कसलं मॉडेल करतेस मला. तुझाच चेहरा घे ना. आरसा आहे आतल्या खोलीत."

यात वावगं काहीच नव्हतं. मॉडेल नसलं की चित्रकार आरशासमोर बसतात. स्वतःचा चेहरा फुकट असतो आणि कंटाळत नाही. निशाताईनं आरसा कपाटाच्या फळीवर टेकवून ठेवला आणि दारात उभ्या त्या बाईला स्वतःचा चेहरा दिला. कपाळ, नाक, ओठ. हनुवटीवरचा तीळसुद्धा.

डोळे शेवटी.

तो गुरुवार. वीज बंद. पंखा थांबलेला. खिडकीतून ऊन नाही, नुसता उजेड. मुक्ताई उंबऱ्याशी झोपलेली, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

निशाताईनं डावा डोळा आखला. बुबुळ भरलं.

बाहेर कावळा ओरडत होता. तो गप्प झाला...

उजवा डोळा. पापणीची रेघ. बुबुळ. मग बारीक ब्रशच्या टोकावर पांढरा घेऊन शेवटचा ठिपका. डोळ्यात जीव येतो तो या ठिपक्यानं.

ठिपका टेकला.

आणि तिनं तुलना करायला आरशात पाहिलं.

आरशात तिच्या खांद्यामागे एका पुरुषाची पाठ होती. पांढरा सदरा. हात वर गेलेला...

हातात बत्ता.

ती वळली आणि घाव खाली आला.

समोर, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये, एक मुलगी गुडघ्यांवर होती. अठरा-एकोणीस वर्षांची. दोन वेण्या. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज निशाताईनं ऐकला. ऊस मोडावा तसा. मुलगी ओरडली नाही. तिला ओरडायला श्वासच मिळत नव्हता. तिनं हात वर केले. दुसऱ्या घावानं ते खाली पाडले. बोटं भलतीकडे वळली.

निशाताई धावली. भूत की माणूस, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. एक पोर मार खातेय, एवढंच. तिनं मधे हात घातला.

तिसरा घाव तिच्या डाव्या हातावर पडला.

तो हात मी पाहिलाय. दवाखान्यात. चार बोटांची हाडं फुटलेली, तळवा काळानिळा होऊन फुगलेला. डॉक्टरांनी रणजितला बाजूला घेऊन विचारलं, "घरात मारहाण वगैरे होते का?"

वेदनेनं निशाताईचे डोळे मिटले.

आणि सगळं थांबलं.

आवाज नाही. श्वास नाही. जणू घाव हवेतच अडकला.

त्या शांततेत मागून एक बारीक आवाज आला...

गोधडीची सळसळ.

तिनं डोळे उघडले. पुरुषाचा हात वरच थांबलेला. आणि तिकडे उंबऱ्यावर मुक्ताईची मान वळलेली होती. पापण्या अर्ध्या वर. पांढरं दिसत होतं.

निशाताईची नजर पुन्हा पुरुषाकडे गेली. घाव खाली आला.

मुक्ताईच्या पापण्या मिटल्या.

पोरीला उचलून पळावं म्हणून ती वळली. वळली म्हणजे नजर हटली. मागचा आवाज तुटला आणि मुक्ताई उठून बसली. डोळे मिटलेले, पण भुवया वर चढत होत्या, अर्धवट झोपेतून उठताना चढतात तशा. पुढच्या क्षणाला उघडले असते.

निशाताईला समजलं.

हे बघायला कुणीतरी लागतं. मी नाही बघितलं, तर ही बघेल.

तिनं ओढणी काढून पोरीच्या तोंडावर टाकली. मग पोरीकडे पाठ केली आणि तिच्यासमोर भिंतीसारखी उभी राहिली. मोडका हात छातीशी धरून. डोळे उघडे.

तिनं बघितलं.

सगळं. शेवटपर्यंत. तो माणूस घाई करत नव्हता. मधे एकदा त्यानं चष्मा सारखा केला. भिंतीवर उडालेलं खाली ओघळत होतं. मुलीच्या डोक्याची एक बाजू राहिली नव्हती, तरी ती सरपटत दाराकडे येत होती. वेणी मागे ओढली जात होती. ती दाराकडे बघत होती. सारखी दाराकडेच. कुणीतरी तिथे असल्यासारखं, कुणीतरी असायला हवं होतं असं.

आणि मग तिला निशाताईचे डोळे सापडले.

निशाताई सांगते, त्या क्षणी मला तिची भीती वाटली नाही. मुक्ताई तापात कशी बघते, तशी बघत होती गं. तेवढीच.

तिच्या तोंडून आपोआप निघालं, "हो गं बाळा. मी बघतेय. मी आहे इथे."

शेवटचा घाव पडला.

खोली रिकामी झाली. बाहेर कावळा पुन्हा ओरडला.

"संपलं का गं?"

बोळात विजयमालाबाई उभ्या होत्या. खोलीकडे पाठ करून. कानांतले बोळे त्यांनी काढून हातात धरले होते.

"कोण होती ती?" निशाताईचा आवाज तिचाच तिला ओळखू येईना.

"कुसुम. वाशीमकडची. आमच्याकडे राहायची. घरातलं करायची, रात्रशाळेत जायची."

"का मारलं?"

"ते यांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं." बाई अजून वळल्या नव्हत्या. "मी इथेच उभी होते. ही अशीच, पाठ करून. ती हाका मारत होती मला. काकू, काकू. मी वळले नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. ती गावी गेली, असं सांगितलं. तिची आई येऊन गेली. चहा घेऊन गेली. मग यांनी पुस्तक लिहिलं. कुणी पाहिलं नाही, तर घडलं नाही. मला पटलं. सोयीचं होतं." त्यांनी श्वास घेतला. "पण तिला पटलं नाही. रोज दुपारी यायची. तीसेक वर्षं. मी पाठ करून बसायचे, की तिचं अर्धंच राहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून."

निशाताईनं एका हातानं पोरीला उचललं. पोरगी गाढ झोपेत होती. लाळ गळत होती, केस ओले.

"माझं लेकरू होतं या खोलीत," ती म्हणाली. मग ओरडली. "माझं लेकरू होतं इथे!"

"माहितीये."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आधी एका मुलाला बोलावलं होतं. छान हात होता त्याचा. शेवटाला आला आणि पॅलेट नाइफ उचलून त्यानं स्वतःच्या डोळ्यांचं..." बाई थांबल्या. "एकटं माणूस डोळे मिटतं गं, निशा. फोडून घेतं. मागे लेकरू असलं की आई डोळे मिटत नाही. ते मी त्या कारखान्यातच पाहिलं होतं."

एवढं बोलून त्या वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रिकामी खोली त्यांनी डोळे भरून पाहिली. टेबल, खिडकी, भिंत.

आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुख पसरलं. उन्हातून आलेल्या माणसाला गार पाणी मिळावं, तसं.

त्याच संध्याकाळी रणजित त्या बंगल्यावर गेला. बाईंनी दार उघडलं, चहा विचारला. तो सरळ अभ्यासिकेत गेला. कटरनं सातही कॅनव्हास उभे-आडवे फाडले. ओला रंग त्याच्या कोपरापर्यंत आला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"फाडा," म्हणाल्या. "आता त्यांचं काम नाही."

तक्रार करायला दोघं गेले होते. कुठल्या सालची गोष्ट? प्रेत कुठे आहे? तुमचा काय संबंध? तेव्हा तुमचं वय किती, बाई? निशाताई तेव्हा अंगणवाडीत होती. समोरच्या हवालदारानं कागद बाजूला सारला आणि तिच्या हाताच्या प्लास्टरकडे बघितलं, मग रणजितकडे बघितलं.

विजयमालाबाई मजेत आहेत. कोथरूडच्या भाजी मंडईत मी त्यांना स्वतः पाहिलंय. भर दुपारी, छत्री न घेता, कोथिंबिरीची जुडी निवडत होत्या. दोन्ही गाल भरलेत.

आणि निशाताई?

निशाताई दुपारी जेवण झालं की मुक्ताईला थोपटून झोपवते. मग पोरीकडे पाठ करून, दिवाणखान्यातल्या भिंतीसमोर बसते. ती भिंत कोरी आहे. फोटो नाही, कॅलेंडर नाही. मोबाइल बंद. दाराची बेल काढून टाकलेली. ती बसते आणि बघते.

बंगल्यातून निघताना ते तिच्याबरोबर आलं. रोज येतं. रोज तेच, पहिल्यापासून. तिनं नजर हटवली, की मागे चादर सळसळते.

रणजितनं सगळं करून पाहिलं. डॉक्टर, देवऋषी, गावचा भगत. मुक्ताईला त्या वेळात आजीकडे ठेवून पाहिलं, येरवड्याला. इकडे निशाताईनं डोळे मिटले, तर तिकडे पोरगी झोपेतच उठून कोथरूडच्या दिशेनं तोंड करून बसली. आजी घाबरली. रिक्षानं घेऊन आली.

गेल्या पावसाळ्यात पुण्यात डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल. निशाताईचे डोळे आले. लाल, सुजलेले, पू येऊन चिकटणारे. रणजितची सकाळची शिफ्ट होती. त्याचा मला फोन आला. "तू जाशील का? मुक्ताईला मांडीवर घेऊन बस फक्त."

मी गेले. माझं बाळ सासूबाईंपाशी ठेवून.

निशाताई भिंतीसमोर बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पापण्या उघडेनात. मुक्ताई माझ्या मांडीवर झोपलेली होती, गरम, जड, तोंडाला दुधाचा वास.

आणि माझ्या मांडीवरचं ते डोकं वळायला लागलं...

मी घट्ट धरलं. एवढ्याशा पोरीच्या मानेत एवढी ताकद कुठून येते? माझा हात सरकत होता. मी तिच्या डोळ्यांवर तळवा ठेवला. तळव्याला तिच्या पापण्या लागल्या. उघडत होत्या.

"ताई!" मी ओरडले. "ताई, बघ!"

निशाताईनं उजव्या हाताच्या दोन बोटांनी स्वतःच्या पापण्या ताणून उघडल्या. नखं रुतली. गालावर रक्ताचा ओघळ आला.

मुक्ताई सैल पडली. अंगठा तोंडात गेला.

मी भिंतीकडे पाहिलं नाही. शपथेवर सांगते, नाही पाहिलं. पोरीच्या केसांकडे बघत राहिले. पण ऐकलं. ते मी इथे लिहिणार नाही.

बऱ्याच वेळानं, भिंतीवरची नजर न काढता, निशाताई बोलली. एकदम साध्या आवाजात. भाजी निवडताना बोलावं तशी.

"मला कधी जमलं नाही तर... आजारी पडले, मेले... मुक्ताईसाठी तू बसशील ना गं? तूही आई आहेस."

मी काय म्हणणार? ती माझी ताई आहे. तिची पोर माझ्या मांडीवर होती.

"बसेन," मी म्हणाले. "नक्की बसेन, ताई."



"मला नको सांगूस," ती म्हणाली. "कुसुमला सांग. तिच्याकडे बघून."

मी अजून सांगितलेलं नाही.